वरची रूम बंद हाय

नाई हो ताई, घर हेच हाय, मी कुठं नाई म्हणते — तुमच्या मोबाईलवर दिसून राह्यला तो निळा जिना, तो जास्वंद, सगळं हेच — पण वरची रूम बंद हाय. काम सुरू हाय वरते. प्लंबिंगचं. माह्या पोरानं, निकेशनं, दोन वर्षांपहिलेच काढून टाकलं होतं ते ॲपवरून, पण तो म्हणते एका ठिकाणचं काढलं तरी दुसऱ्या चार ठिकाणी फोटो दिसतच राह्यते, त्याले आपण काही करू शकत नाई. बुकिंग तं नाई ना झालं तुमचं? नाई ना, मंग बरं. बसा पण, अशा उन्हाच्या उभ्या नका राहू. बोरगाव मेघेत या टायमाले ऑटो बी नाई भेटत — हो, तुमची गाडी हाय, पाह्यली मी. साहेब फोनवर हायेत वाट्टे. बोलू द्या त्यायले. पाणी घ्या, माठातलं हाय. मी बी आत्ताच आली, साडी बी नाई बदलली अजून, कोर्टात — म्हणजे कचेरीत थोडं काम होतं.

स्टेशनाकडच्या हॉटेलात नाई गेल्या का? … हं. … चादरीवर डाग. हो, असते. … वेटर सारखा दार ठोकते, चाय पाह्यजे का, कचरा न्यायचा का — हो, ठोकते ना, त्याचं कामच हाय ते. बाथरूमच्या खिडकीची काच फुटकी, गार वारा येते. आणि काउंटरवरचा माणूस आधार कार्ड मागते न् वरून खालपर्यंत पाह्यते. बरोबर हाय तुमचं, मी नाई कुठं म्हणते. आणि घर कसं, घरच्यावानी, कोणाची कटकट नाई, सेफ — काय म्हटलं? सेफ? … नाई, काही नाई. हासली नाई मी. तोंडच तसं झालं असंल.

मी काय म्हणते ताई, तुमी त्या हॉटेलातच जा. डाग असू द्या, आपली चादर टाका वरून. त्या काउंटरवरच्या माणसाले माहीत राह्यते कोण कुठल्या खोलीत गेलं, कधी गेलं, अजून खाली काऊन नाई आलं. इथं कोणाले माहीत राह्यते? मले. एकटीले. मी चौतीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होती, रिटायर झाली, हे गेले, निकेश हैदराबादले, वरच्या दोन खोल्या त्याच्या लग्नासाठी बांधल्या होत्या त्या तशाच पडल्या. तो म्हणे, आई, बोरच्या जंगलात वाघ पाह्याले लोक येतात, सेवाग्रामले येतात, टाकून पाहू. फोटो काढले, लिहिलं — रिटायर्ड नर्सचं घर, खाली त्या स्वतः राह्यतात. आणि खरं सांगते, मले आवडलं. वार्डातून आल्यावर घर कसं खायले उठते तुमाले नाई समजणार. लोक येत, लेकरं येत, मी सकाळी पोहे घेऊन वर जाओ, दुपारी विचारो पाणी गरम आलं का, संध्याकाळी मच्छरची अगरबत्ती देओ. लोक लिहीत — काकू म्हणजे आईच. पाचपैकी चार पॉइंट नऊ होतं आमचं, या पट्ट्यात एवढं कोणाचंच नव्हतं.

मंग एक फॅमिली आली. नवरा-बायको, शिकलेले, बोलायले गोड, जाताना पाया पडले माह्या. आणि घरी जाऊन तीन चांदण्या देल्या. लिहिलं — काकू सारख्या वर येतात, प्रायव्हसी नाही. आणि आणखी एक लिहिलं होतं — जाऊ द्या ते. निकेशचा फोन आला, आई, खाली आलो आपण चार पॉइंट सहावर, आता ॲप आपल्याले मागं ढकलते, लोक हॉटेल सोडून घर कायले घेतात, तर कोणी डिस्टर्ब करू नये म्हणून, तू काऊन जाते वर? दोन दिवस जेवण नाई गेलं मले. चौतीस वर्षांत एका पेशंटनं माही तक्रार नाई केली, आणि या बाईले मी पोहे नेले तं तिची प्रायव्हसी गेली! मंग ठरवलं. आता कोणी येवो, चाबी द्यायची, खाली यायचं, हाक मारल्याशिवाय वर पाय नाई ठेवायचा. नाई म्हणजे नाई. मी एकदा ठरवलं की तशी हाय.

त्यानंतर जानेवारीत रक्षा आली. चोवीस वर्षांची. बुलढाण्याची, नागपूरले विम्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती नवीन, आणि पहिल्यांदा एकटी फिराले निघाली होती — वाघ पाह्याचा म्हणे, लहानपणापासून पाह्याचा. तिनं पहिले हॉटेललेच फोन केलता. दोन ठिकाणी सांगितलं, एकट्या लेडीजले रूम नाई देत, तिसऱ्या ठिकाणचा माणूस इचारे, एकट्याच काऊन येता, कोण भेटणार हाय? म्हणून मंग ॲपवर पाह्यलं. तिच्या आईचा फोन आला मले एक दिवस आधी. म्हणे, ताई, तुमी नर्स हाय असं लिहिलं हाय, खरं हाय ना? म्हटलं, हो, खरं हाय. म्हणे, मंग मले काही टेन्शन नाई, हॉटेलात मी तिले जाऊच देल्लं नसतं. पाहा ताई. हॉटेलात जाऊच देल्लं नसतं.

लय बोलकी पोरगी. या खुर्चीवर बसून दोन कप चाय प्याली, मले म्हणे, काकू, तुमी पाह्यला का वाघ? म्हटलं, बाई, आमी इथंच जन्मलो, आमी कायले जातो पाह्याले. खी खी हासे. सेवाग्रामवरून येताना गोरसपाक बिस्किटांचे दोन पुडे आणलते तिनं, एक आईले न् एक ऑफिसात वाटाले. पहिल्या दिवशी जंगलात नुसते पायाचे ठसे दिसले. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली उघड्या जिप्सीत, थंडी अशी की माह्या बोटाले सुई टोचली असती तं समजलं नसतं, आणि साडेअकराले आली ते गेटातूनच वरडत — काकू, दिसली! वाघीण दिसली, रस्त्यावर बसली होती, पंधरा मिनिटं! नाक लाल, ओठ फाटलेले, हात बर्फ. मी तिचे हात धरले माह्या हातात. म्हटलं, सांग मंग. म्हणे, पहिले गरम पाण्यानं आंघोळ करते, मंग बसून सगळं सांगते. आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

माह्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतून वरच्या बाथरूमचा पाइप येते खाली. पाणी सुरू झालेलं समजते. मी पोहे भिजवले. कांदा चिरला. पाणी सुरू. पोहे झाले, झाकून ठेवले. पाणी सुरू. म्हटलं, थंडीतून आली, घेऊ दे आंघोळ. वीस मिनिटं झाली असतील, पंचवीस. जिन्यापर्यंत गेली मी, ताई. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आणि वापस आली. काऊन? — प्रायव्हसी. ते तीन चांदण्यावाली डोळ्यासमोर आली, म्हटलं ही बी लिहीन, काकू आंघोळ बी करू देत नाई. वापस येऊन इथं खुर्चीवर बसली, पेपर वाचला. कोणती बातमी वाचली ते बी सांगू शकते मी तुमाले. पाणी सुरूच. पाऊण घंटा झाला तवा गेली वर. हाक मारली, दार ठोकलं. माह्याजवळची चाबी लावून खोलीत गेली, पण बाथरूमची कडी आतून. बाजूच्या रूपरावजींले वरडली, ते एसटीत ड्रायव्हर होते, त्यायनं खांद्यानं दार पाडलं.

खाली पडून होती. नळ चालू. गाल कसे — गुलाबी. रूपरावजी म्हणे, बेसुद हाय, बेसुद हाय, पाहा रंग कसा हाय पोरीचा. मले पाह्यल्याबरोबर समजलं. तो रंग मी वार्डात पाह्यला हाय, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपतात त्यायचा. गॅसचा गिझर होता ना तिथं. कमी हवेत जळला की त्याच्यातून जो वायू निघते त्याले वास नाई, धूर नाई, काही नाई, माणूस पाच-दहा मिनिटांत खाली बसते. मी तिले वढून खोलीत आणलं, चादर टाकली अंगावर, छाती दाबली, तोंडानं श्वास देल्ला. रूपरावजी गाडी आणाले खाली पळाले. मी दाबत होती. चौतीस वर्षं हेच केलं.

मी रोज हिशोब लावते, ताई. त्या डागाच्या चादरीवाल्या हॉटेलात असती तं काय झालं असतं? वेटरनं पावणेबाराले चाय इचाराले दार ठोकलं असतं. ओ नाई आली तं पुन्हा ठोकलं असतं, त्याले कोणाच्या चांदण्याची पर्वा हाय? आणि काच फुटकी. वारा आला असता फुटक्या काचेतून. शिव्या देत देत आंघोळ केली असती तिनं, आणि खाली येऊन बसली असती. जित्ती. तुमी मघा सांगत होत्या ना वारा येते म्हणून — तोच वारा.

तिची आई आली तिसऱ्या दिवशी. मले वाटे मारन मले, केस धरन. ते माह्या गळ्यात पडली. म्हणे, ताई, परक्या गावात एखाद्या लॉजमध्ये गेली असती तं पोलिसांच्या हातात सापडली असती, नर्सच्या हातात गेली, तुमी शेवटपर्यंत हात सोडला नाई तिचा, एवढंच समाधान. दर महिन्याले फोन करते अजून. माही तब्येत इचारते.

… फिटिंगवाल्याचं? हो, केस झाली ना त्याच्यावर. दुर्गेश नाव हाय, सिंदी रेल्वे गावचा, गिझर बसवते, आर-ओ बसवते, चांगलं दुकान होतं. पोलिसांनं पाह्यलं तं बाथरूमची वरची जाळी उघडी, हवा यायले जागा हाय, तरी असं झालं म्हणजे मशीनच खराब, नाई तं फिटिंग चुकलं. त्याले नेलं. दुकान बंद झालं तवापासून, आता जाम गावी हायवेवर एका ढाब्यावर भांडे घासते म्हणे. लोक त्याच्या हातानं गिझर कायले बसवतील? त्याचं म्हणणं होतं, साहेब, मशीन बरोबर होती, मी सिस्टरबाईले सांगून गेलतो जाळी झाकू नका म्हणून —

नाई. म्हणजे ते तो म्हणे. … सांगितलं होतं का? — सांगितलं असंल. सगळ्यायलेच सांगतात ते. … जाळी उघडीच होती, ताई, पंचनाम्यात हाय. तुमी काऊन अशा पाहून राह्यल्या?

त्या बाईनं दुसरं काय लिहिलं होतं सांगू का? बाथरूममध्ये गार वारा येतो, लेकराले सर्दी झाली. एवढंच. मी बाजारातून थर्माकोलचं शीट आणलं, सुरीनं कापून, मापात बसवून, चारी बाजूनं चिकटपट्टी लावली. लय साफ काम केलं. चार दिवसांनं दुसरे पाहुणे आले त्यायनं लिहिलं, बाथरूम एकदम उबदार. चार पॉइंट सात झालं. ते दोघं होते, आंघोळ करून पटकन निघत, बादली भरून घेत न् गिझर बंद करत, म्हणून वाचले. रक्षा गारठून आली होती. ती गरम पाण्याखाली उभी राह्यली.

रूपरावजी खाली गेले, आणि मी छाती दाबून राह्यली होती, आणि दाबता दाबता माही नजर वर गेली, बाथरूमच्या दारातून ते पांढरं शीट दिसे. मी उठली. स्टूल घेतला. ते शीट वढलं, चिकटपट्टी नखानं खरडून काढली. हवा यावी म्हणून काढलं — मी सहा महिने स्वतःले हेच सांगितलं, हवा यावी म्हणून. पण पोरगी तं बाहेर खोलीत होती! तिले त्या हवेचा काय उपयोग? आणि हवेसाठीच काढलं तं मंग त्याचे तुकडे करून पिशवीत भरून टाकीच्या मागं काऊन ठेवले? मंग वापस येऊन पुन्हा छाती दाबली. मधात किती वेळ गेला? दोन मिनिटं. तीन. नाडी नव्हती तिची. आधीच नव्हती, मी पाह्यली होती, गळ्याले बोट लावून पाह्यली होती — लावलं होतं मी बोट. लावलं होतं. तिची आई म्हणते शेवटपर्यंत हात सोडला नाई.

आज साक्ष होती माही. तिथूनच आली. आमच्या घरी देव नाई, बाबासाहेब न् बुद्ध हायेत, माहे बाबा छप्पनच्या दीक्षेले सेलूवरून पायी गेलते नागपूरले. म्हणून ईश्वराची शपथ नाई घेतली, सत्यप्रतिज्ञा घेतली. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो आमी, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं हाय — दोन वर्षं झाली, त्या ओळीले मी नुसते ओठ हालवते. बाजूच्या भागाबाईले वाट्टे म्हातारीचा आवाज बसला. आज घरून ठरवून गेली होती, सांगून टाकायचं. ही पांढरी साडी त्याच्यासाठीच नेसली. वकिलानं विचारलं, बाई, घटनेच्या वेळी बाथरूमची जाळी उघडी होती का झाकलेली? म्हटलं, उघडी होती. जराही नाई अडखळली. वार्डात डॉक्टरनं बीपी विचारलं न् मी सांगितलं, असं.

बाहेर आली तं दुर्गेश पायऱ्यांवर उभा. त्याची बायको स्वीटी बाजूले, तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं आता हा बोलन. बोलला तं बरं होईन. तर तो काय म्हणते? — मावशी, मी दोन वर्षं सगळ्यायले सांगत फिरलो की जाळी झाकली असंल. पण तुमी शपथेवर सांगता उघडी होती, तुमी तं सिस्टर हाय, तुमी कायले खोटं बोलसान. म्हणजे माह्याच हातानं काहीतरी राह्यलं असंल. माफ करा, मी तुमच्यावर आळ घेतला. असं म्हणून पाया पडला माह्या. त्याले आता स्वतःचं बी खरं वाटत नाई, ताई. बसवलेल्या मशीनचा एक एक नट आठवत बसते म्हणे दिवसभर. आणि मी — मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देल्ला मी त्याले.

… नाई, वापस नाई जात मी. साक्ष झाली. सही झाली. निकेशची नोकरी हाय, त्याची पोरगी आत्ता शाळेत जाते, त्याची आई जेलात, असं — आणि बुलढाण्याच्या त्या बाईले काय सांगू? तिचं तेवढं समाधान बी काढून घेऊ? पाहा, कसं सुचते मले. सगळं सुचते.

कोणतं काम सुरू नाई वरते. कुलूप लावलेलं हाय. गिझर पोलिसांनं नेला, बाकी तसंच हाय. … मोबाईल ठेवा आत. रूमचा फोटो कायले पाह्यता आता? … साहेबांनं हॉर्न देल्ला. ऐकू आलं ना? उठा. कोणाले सांगायचं असंल तं सांगा, माह्या दारावर पाटी हाय, सुलोचना थूल. नाई सांगणार तुमी. तुमाले तं फक्त दोन दिवस राह्याचं होतं.

काही तं बोला.

… बरं. जा. गेट लोटून घेजा.